मांडवीवरचा पूल, डाव्या खिडकीतून

आमचं गाव बांदा. महाराष्ट्राच्या अगदी टोकाला. पत्रादेवीचा नाका ओलांडला की गोवा. बाजारात माझं शिवणकामाचं दुकान आहे. गेली चार वर्षं दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ते बंद असतं, हे आता गिऱ्हाइकांनाही पाठ झालंय. त्या दिवशी मी आईला घेऊन बांबोळीला जाते, गोवा मेडिकल कॉलेजात, तिच्या हृदयाच्या तपासणीला. सावंतवाडी, दोडामार्ग, वेंगुर्ला, आमच्याकडच्या कितीतरी घरांना ही वाट ठाऊक आहे. सकाळच्या गाडीत फायली आणि एक्स-रेची मोठी पाकिटं मांडीवर घेतलेली तीन-चार माणसं असतातच. आता आम्ही एकमेकांकडे बघून मान हलवतो, जागा धरून ठेवतो.

वर्षातून बारा वेळा जाणं आणि बारा वेळा येणं म्हणजे मांडवी मी चोवीस वेळा ओलांडते. एखादं कापड इतक्या वेळा हातातून गेलं की डोळे मिटूनसुद्धा त्याचा पोत कळतो. म्हणून पणजीच्या पुलांबद्दल आणि तिथवरच्या प्रवासाबद्दल माझं मत लिहिते आहे. रस्ते, बस, पूल आपण रोज वापरतो, पण साडीच्या दुकानाबद्दल किंवा खानावळीबद्दल सांगतो तसं त्यांच्याबद्दल कुणी कुणाला सांगत नाही. चांगलं झालेलं काम चांगलं झालं असं सांगायला हवं.

बांद्याहून निघालं की सुरुवातीलाच आमची तेरेखोल लागते. पावसाळ्यात हिचं पाणी बाजारपेठेत शिरतं, तेव्हा आम्ही दुकानातले तागे माळ्यावर चढवतो. पुलाकडे बघायची माझी सवय तिथूनच आली असेल. लहानपणी पाणी किती चढलं ते बघायला आम्ही सगळी मुलं पुलावरच जायचो. पुढे धारगळच्या बाजूला मोपा विमानतळाकडे वळणारा रस्ता दिसतो, मग कोलवाळला शापोरा नदी. कोलवाळचा पूल सरळसोट, रुंद, आपलं काम नीट करणारा आहे. त्यावरून गाडी जाते आणि आपण बोलत असतो ते बोलतच राहतो. मग म्हापसा, आणि पर्वरी. पर्वरीला उन्नत रस्त्याचं काम निघाल्यापासून तिथे किती वेळ जाईल याचा नेम राहिला नाही, म्हणून आम्ही एक गाडी आधीचीच धरतो.

पर्वरीचं पठार संपतं आणि गाडी मांडवीकडे उतरायला लागते तेव्हा आई पदर सावरून खिडकीकडे सरकते. ती आजवर कधी म्हणाली नाही, की मला पूल आवडतो. पण म्हापशापासून डुलक्या काढणारी माझी आई त्या उतारावर बरोबर जागी होते. चार वर्षांत एकदाही चुकलेली नाही.

मांडवीवर तिथे तीन पूल शेजारी शेजारी आहेत. दोन जुने, खालच्या उंचीवरचे, आणि त्या दोघांच्या मधून वर उठलेला नवा अटल सेतू. आमची पणजीला जाणारी गाडी जुन्या पुलावरून जाते. त्यामुळे एका अंगाला उघडी नदी आणि दुसऱ्या अंगाला, डोक्याच्या वर, नवा पूल, असं दोन्ही दिसतं. आई डावीकडे पाणी बघते. मी तिच्या शेजारी बसून मान उजवीकडे वळवते, कारण मला नव्या पुलाच्या तारा बघायच्या असतात.

अटल सेतू २७ जानेवारी २०१९ला सुरू झाला. उतारांसकट त्याची लांबी ५.१ किलोमीटर आहे. पर्वरीहून येणारी आणि फोंड्याकडे किंवा बांबोळी-मडगावकडे जाणारी वाहतूक पणजीत न शिरता वरच्या वर जावी म्हणून तो बांधला. गोव्याचे तेव्हाचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर, त्यांना आम्ही टीव्हीवर बघितलं होतं. आजारी, नाकात नळी, तरी डिसेंबर २०१८मध्ये पुलाचं काम बघायला आले होते, उद्घाटनालाही आले. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, १७ मार्चला ते गेले. आईला तेव्हा स्वतःचा आजार माहीत नव्हता. आता पुलाखालून जाताना कधी कधी ती त्यांची आठवण काढते. "तशा अवस्थेत माणूस काम बघूक इलो," एवढंच म्हणते आणि हात जोडते.

आता पुलाच्या घाटाबद्दल. यातलं जे मला कळलं ते शिवणकामामुळे कळलं, आणि उरलेलं भाच्याने समजावलं. तो मालवणच्या तंत्रनिकेतनात सिव्हिल शिकतो. नदीच्या मधल्या भागात पुलाच्या मधोमध उंच खांब उभे आहेत. खांबाच्या वरच्या अंगापासून तिरक्या तारा दोन्हीकडे खाली येतात आणि रस्त्याला धरतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा वाटलं, नुसती सजावट असेल. भाचा म्हणाला, मावशे, त्या तारा काढल्या तर रस्ता खाली येईल. खांद्यावर कावड घेतलेला माणूस बघ, म्हणाला. दोन्हीकडच्या घागरी सारख्या भरलेल्या असल्या तर तो सरळ उभा राहतो. खांबाचंही तसंच. एका बाजूचा रस्ता आणि दुसऱ्या बाजूचा रस्ता, दोघांचं वजन तारांतून खांबावर येतं आणि खांबातून खाली पायात उतरतं. बांधतानाही खांबापासून दोन्ही अंगांना एकेक तुकडा वाढवत नेतात, एका बाजूला घाई केलेली चालत नाही. असं केलं की नदीत पाय कमी रोवावे लागतात, खालून बोटी जायला वाट मोकळी राहते.

मला त्यातली ताणाची गोष्ट लगेच पटली. मशीनवर वरच्या दोऱ्याचा आणि बॉबिनच्या दोऱ्याचा ताण जुळला नाही तर टीप सैल पडते नाहीतर कापड गोळा होतं. नवीन मुलींना मी पहिले आठ दिवस फक्त ताण जुळवायलाच शिकवते. या पुलाकडे बघताना तो जुळलेला ताण डोळ्यांना दिसतो. एकही तार लोंबत नाही, एकही दुसरीवर आलेली नाही, आणि खांबापासून लांब जाताना त्यांचा तिरकेपणा असा हळूहळू बदलत जातो, की उरेब कापलेल्या घेराच्या कळ्या आठवाव्यात. गाडी चालते तशा त्या तारा एकमेकींच्या मागे सरकतात, मिटतात, पुन्हा उघडतात. अर्ध्या मिनिटाचा खेळ. मला तो अजून पुरलेला नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात यायला मला वर्ष लागलं. तारा रस्त्याच्या कडेला नाहीत, मधोमध आहेत, दुभाजकाच्या ओळीत. त्यामुळे वरून जाणाऱ्याच्या आणि नदीच्या मध्ये काही येत नाही. कडेला तारा लावल्या असत्या तर नदी गजाआडून बघितल्यासारखी दिसली असती. ज्याने कुणी हे ठरवलं त्याचं कारण हिशोबाचं असेल, खर्चाचं असेल, मला माहीत नाही. पण खिडकीत बसणाऱ्या माणसाचं त्यात भलं झालं.

हे सगळं एवढ्या आपुलकीने लिहिते आहे याचं मूळ मात्र बाबांच्या गोष्टीत आहे.

आमचे बाबा आगळ, सोलं, काजूगर घेऊन म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचे, आणि उरलेला माल पणजीत दोन-तीन ठरलेल्या दुकानांत द्यायचे. मांडवीवरचा पहिला पूल, नेहरू पूल, ५ जुलै १९८६ला कोसळला. बांधून पुरती वीस वर्षंही झाली नव्हती. सिमेंटच्या पोटात ताणून बसवलेल्या पोलादी तारा खाऱ्या हवेने आतल्या आत गंजत गेल्या होत्या. बाहेरून पूल धडधाकट दिसत होता. मग १९९२मध्ये दुसरा पूल होईपर्यंत सहा वर्षं सगळा गोवा तिथे फेरीबोटीवर आला. बाबा बेतीला गाडीतून उतरायचे, डोक्यावर बोचकं, हातात आगळाच्या बाटल्यांची पिशवी, आणि रांगेत उभे राहायचे. जुलै-ऑगस्टच्या पावसात बोटीवर कसं अंग चोरून उभं राहायचं ते आम्हाला करून दाखवायचे. घरी यायला रात्र व्हायची. आई कंदील घेऊन पायरीवर बसलेली मला आठवते. पाणंदीतून पावलं वाजली की ती आधी आत जाऊन चहाचं आधण ठेवायची.

म्हणून मी भाच्याला पहिल्यांदा विचारलं ते हेच, की या नव्या तारा गंजल्या तर? त्याने नीट समजावलं. एकेक जाड तार म्हणजे पोलादाच्या बारीक तारांचा जुडगा. तो प्लास्टिकच्या नळीत बंद असतो, म्हणजे खारं वारं थेट लागत नाही. आणि मुख्य म्हणजे या तारा पुलाच्या बाहेर आहेत. माणूस जाऊन तपासू शकतो, आणि एखादी खराब झाली तर बाकीच्यांवर भार ठेवून तेवढी एक बदलता यावी, असा अशा पुलांचा हिशोब केलेला असतो.

हे ऐकल्यावर मला तो पूल दुप्पट आवडायला लागला. अस्तराच्या आत दडलेली शिवण कधी उसवते ते कळत नाही. कळतं तेव्हा बाही हातात येते. बाहेरची टीप रोज नजरेसमोर असते, एक टाका सुटला तरी दिसतो, दोन मिनिटांत घालता येतो. ज्या नदीने एक पूल आतल्या आत गंजून पडलेला बघितला, तिच्यावर आता आपला सगळा भार उघड्यावर दाखवणारा पूल उभा आहे. लोक म्हणतात, दिसायला देखणा आहे. त्याच्या ज्या भागाला आपण देखणं म्हणतो, त्याच भागावर तो उभा आहे, हे मला फार मोठं वाटतं.

त्यावरून जायची वेळ माझ्यावर तीनच वेळा आली. आमची बस तिथून जात नाही. एकदा तपासणी लांबली, अंधार पडायला आला, आणि गावातल्या एका दादांची गाडी बांबोळीहून परत निघाली होती. त्यांनी आम्हाला घेतलं. सप्टेंबर होता, पाऊस नुकताच थांबलेला. गाडी वर चढत गेली आणि एकदम पणजी खाली राहिली. आल्तिनोची टेकडी, चर्चचा पांढरा दर्शनी भाग, नदीत उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटी, पलीकडे बेतीचे दिवे, आणि त्या सगळ्याच्या पुढे राखाडी समुद्र. आई मागच्या सीटवर आडवी झाली होती. मी हाक मारली तशी उठून बसली. "गो, पणजी एवढी मोठी कधी झाली?" म्हणाली. खरंच मोठी झाली आहे. पर्वरीच्या अंगाला उंच इमारती, पाटोला कचेऱ्या, ताळगावपर्यंत वस्ती. खाली बसस्थानकाच्या गर्दीत हे कळत नाही, वरून एका नजरेत कळतं.

उणं सांगायचं तर दोन-तीन गोष्टी आहेत. अटल सेतूवर दुचाकी आणि तीनचाकीला बंदी आहे. वेगाचा रस्ता, वर वारा, कारण समजतं. पण गोव्यात आणि आमच्याकडे कामावर जाणारी निम्मी माणसं दुचाकीवर असतात. पणजीचे ते काळ्या-पिवळ्या मोटरसायकलवाले पायलट, मासे घेऊन जाणाऱ्या बायका, आमच्या गावातून रोज गोव्यात कामाला जाणारी पोरं, यांनी हा पूल फक्त खालून बघायचा. एवढं सुंदर काम करताना एका कडेला त्यांच्यासाठी सुरक्षित पट्टी काढता आली असती तर मी पाचपैकी पाच दिले असते.

दुसरं, रात्रीचे रंगीत दिवे. पुष्कळांना आवडतात, लहान मुलं तर टाळ्या वाजवतात. मला एकच रंग, पांढरा किंवा हळदीसारखा मंद पिवळा, जास्त शोभला असता असं वाटतं. चांगल्या कापडाला फार जर लागत नाही. आणि तिसरं, पुलाच्या पायथ्याशी पाण्याकडे तोंड करून सावलीत बसावं अशी चार बाकं हवी होती. हॉस्पिटलला आलेल्या माणसाकडे तास-दोन तास असतात आणि जायला कुठे नसतं. त्यांना चहाच्या टपरीपेक्षा नदी बरी वाटेल.

पूल बघायची खरी जागा मला गेल्या डिसेंबरात सापडली. त्या दिवशी डॉक्टरांनी लवकर सोडलं, रिपोर्ट चांगला होता, औषधाची एक गोळी कमी झाली. पणजीला परत आलो तर साडेबारा वाजलेले. आईला म्हटलं, चल, तुला बोटीतून फिरवून आणते. जुन्या सचिवालयापासून थोडं चाललं की फेरीचा धक्का आहे. पणजी ते बेती. पायी माणसाला तिकीट लागत नाही. तीन पूल असूनही ही बोट चालू ठेवली आहे, यासाठी मी गोव्याला वेगळा एक गुण देते.

बोट धक्क्यापासून सुटली. स्कूटरी, दोन मोटारी, माशांची टोपली घेतलेल्या दोघी, शाळेची मुलं. आईला कठड्याशी उभं केलं आणि नदीच्या वरच्या अंगाला तोंड करायला सांगितलं. तिथून तिन्ही पूल एका ओळीत दिसतात. पुढचा पाण्याला टेकल्यासारखा बसका, आणि त्याच्यावरून मान काढून नवा, आपल्या खांबांसकट. बसच्या खिडकीतून तारांचे तुकडे दिसतात. बोटीतून अख्खा पूल दिसतो. ओहोटी होती, पाणी संथ होतं, खांबांची सावली लांबवर हलत होती. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तुझ्या बापाशीन ह्यो पूल बघूक व्हयो होतो." बाबा २०१५मध्ये गेले. ज्या पाण्यावर सहा वर्षं त्यांनी बोचकं डोक्यावर घेऊन ये-जा केली, त्याच पाण्यावर आम्ही दोघी उभ्या होतो. बेतीला उतरलो नाही. त्याच बोटीने परत आलो.

या तीन पुलांइतकंच मला आवडतं ते पणजीहून रायबंदरला जाणारं जुनं काम. पोर्तुगीज त्याला पोंते द लिन्यारेश म्हणायचे, लिन्यारेशच्या काउंटाच्या नावावरून. तो तेव्हा इथला व्हाइसरॉय होता. १६३३-३४मध्ये बांधलेला, तीन किलोमीटरहून थोडा जास्त लांब, दलदलीतून काढलेला जांभ्या दगडाचा बांधीव रस्ता. आमच्या घराच्या भिंतीचा जो दगड, तोच. जुन्या गोव्याला जाणारी बस अजून त्याच्यावरून जाते. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला मिठागरं आणि खारफुटी, आणि खाली भरती-ओहोटीचं पाणी ये-जा करायला ठेवलेल्या कमानी. ज्यांनी बांधला त्यांनी पाण्याला अडवलं नाही, वाट दिली. आमच्याकडे खाजणाच्या बांधाला पाणी आत-बाहेर सोडायला दार ठेवतात, तीच समजूत मोठ्या मापात. जवळजवळ चारशे वर्षांचं काम आजच्या बसचा भार घेतंय. त्या रस्त्यावर गाडी पाण्याच्या इतक्या जवळून जाते, की बगळा खिडकीच्या उंचीला दिसतो. नवीन पूल बांधणाऱ्या प्रत्येकाने एकदा या रस्त्यावरून सावकाश जाऊन यावं.

झुआरीच्या नव्या पुलावरून मी दोनदा गेले, मामेभावाच्या लग्नाला मडगावला जाताना आणि येताना. १९८३चा जुना पूल थकला होता, जड गाड्यांना मनाई झाली होती. नव्या पुलाच्या पहिल्या चार मार्गिका डिसेंबर २०२२मध्ये आणि उरलेल्या चार वर्षभराने सुरू झाल्या. तोही तारांचाच, आणि मांडवीच्या पुलापेक्षा सगळंच मोठं. खांब बघायला मान मागे टाकावी लागते. छाती दडपते, कौतुक वाटतं, पण माझा जीव मांडवीच्या पुलावरच आहे. मांडवीचा पूल शहराच्या मापाने बेतलाय. झुआरीवर मला सगळ्यात आवडला तो कोकण रेल्वेचा पोलादी पूल. १९९८मध्ये रेल्वे पूर्ण सुरू झाली त्यानंतरच्या मे महिन्यात बाबांनी आम्हाला सावंतवाडीहून मडगावला नुसतं गाडीत बसायला म्हणून नेलं होतं. पोलादी चौकटीतून गाडी जाताना होणारा तो खणखणाट आणि खाली लांबवर पाणी, मी बाबांचा हात सोडला नव्हता. वाटेत करमळी स्टेशन लागतं, त्याला लागूनच तळं आहे. पावसाळ्यानंतर तिथे पक्षी उतरतात, गाडी थांबलेली असताना डब्यातून दिसतात.

आता बसबद्दल. पूल कितीही चांगला असला तरी त्याच्यावरून नेणारी गाडी वेळेवर आणि बसायला मिळणारी नसेल तर माझ्या आईला त्याचा उपयोग नाही. म्हापसा ते पणजी कदंबची, म्हणजे गोव्याच्या सरकारी बससेवेची, शटल आहे. आधी खिडकीवर तिकीट काढायचं, रांगेत उभं राहायचं, रांगेनेच चढायचं, मध्ये कुठे थांबा नाही. धक्काबुक्की नाही म्हणून आजारी माणसाला ही पद्धत फार सोयीची. बांद्याहून थेट पणजी गाडी मिळाली नाही तर मी आईला घेऊन म्हापशाला उतरते आणि शटल धरते, आणि खरं सांगायचं तर मला तेच जास्त बरं वाटतं.

याच्या उलट अनुभवही आहे. दोन पावसाळ्यांपूर्वी एका बसस्थानकावर, नाव लिहीत नाही, आम्ही सव्वा तास उभ्या होतो. छप्पर होतं, पण इतकं उंच आणि कडेला इतकं आखूड, की तिरका पाऊस सरळ आत येत होता. बाकं भिजलेली. फलकावरची अक्षरं आईलाच काय, मलाही वाचता येत नव्हती. छायाचित्रात ते छप्पर छान दिसत असेल. कोकणातला पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो, हे आमच्याकडच्या कुठल्याही गवंड्याला माहीत असतं, म्हणून तो पडवी खाली उतरवतो. त्या दिवशी आईला ताप आला. मोठा पूल बांधताना जी बुद्धी आणि जेवढा वेळ दिला जातो, त्याचा दहावा हिस्सा जरी बस थांब्याच्या छपराला मिळाला तर माझ्या आईसारख्या हजारो माणसांचे महिने सुखाचे जातील. मी हे रागाने लिहीत नाही. मांडवीवर ज्यांनी तारा इतक्या बिनचूक ओढल्या, त्यांच्यासारख्यांना पडवी उतरवणं अवघड नाही, हे मला दिसतं म्हणून लिहिते.

माझे गुण असे. अटल सेतूला पाचपैकी साडेचार. अर्धा दुचाकीवाल्यांसाठी राखून ठेवला आहे, पट्टी काढली की देईन. रायबंदरच्या रस्त्याला पाच. बेतीच्या फेरीला पाच आणि वर तो वेगळा एक. शटलला चार.

कुणी पहिल्यांदा जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. सकाळी पणजीला जाताना डाव्या खिडकीशी बसा. रायबंदर, चोडणची झाडी आणि धुक्यातली नदी त्या बाजूला आहे. संध्याकाळी परत येतानाही डावीच खिडकी धरा, कारण तेव्हा समुद्राची बाजू डावीकडे येते आणि साडेपाच-सहाच्या गाडीला सूर्य पाण्यावर असतो. उजवीकडे बसलात तर तारा जवळून दिसतील. पुढचा मंगळवार दुसरा आहे. आईने आत्ताच विचारलं, "खिडकी माका गावात मा?" मी म्हटलं, गावतली.